कासच्या रस्त्यावरचे शेजारी

(व्याख्यानाचा संपादित भाग)



सातारा शहराच्या पश्चिमेला यवतेश्वरचा घाट चढू लागले की काही वळणांतच शहर मागे पडते. खाली कौलांची आणि स्लॅबची दाटी, समोर अजिंक्यतारा, आणि वर पोहोचताच महादेवाचे जुने देवस्थान. तेथून पुढे रस्ता डोंगराच्या सोंडेवरून जातो. उजवीकडे खोल दरीत कण्हेरचा जलाशय, डावीकडे उरमोडीचा. साताऱ्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर कासचे पठार आणि कासचा तलाव, आणि पुढे उतरत गेले की बामणोलीला शिवसागराचा काठ. एका पिढीपूर्वी या रस्त्यावर दिवसातून मोजक्या एसट्या धावत. बाकी वर्दळ म्हणजे चारा घेऊन येणाऱ्या बाया, गुरे, आणि शाळेतून परतणारी मुले. रात्री आठनंतर एखादे वाहन आले तर कोणाकडे पाहुणे आले असतील, याचा अंदाज घराघरांतून बांधला जाई.

आजच्या विवेचनाचा विषय पठारावरची फुले हा नाही. त्या फुलांविषयी पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले आहे. विषय आहे तो त्या फुलांकडे जाणाऱ्या रस्त्याचा, आणि त्या रस्त्याच्या कडेला पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या माणसांचा.

१ जुलै २०१२ रोजी युनेस्कोने पश्चिम घाटातील एकोणचाळीस स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत महाराष्ट्रातील चार होती : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पती असलेल्या कासच्या जांभ्या दगडाच्या पठाराचे नाव जगाच्या नकाशावर गेले, ही अभिमानाची गोष्ट होती आणि आहे. पुढे गर्दी आवरेनाशी झाली तेव्हा वनखात्याने आणि भोवतालच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांनी हंगामात दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा घातली आणि संगणकावरून आगाऊ नोंदणी सुरू केली. म्हणजे फुलांना संरक्षण मिळाले. परंतु पठार हे वनखात्याच्या ताब्यातले, आणि रस्त्याच्या कडेची जमीन मालकीची. वनाच्या हद्दीचा दगड जेथे संपतो, तेथे ती मर्यादाही संपते. तीन हजारांचा आकडा सड्यावरच्या तेरड्याला आणि सीतेच्या आसवांना लागू आहे. यवतेश्वरपासून पुढच्या वाडीत भाताचे खाचर राखून बसलेल्या म्हाताऱ्याला तो लागू नाही. फुलांचा हंगाम आठ-दहा आठवड्यांचा असतो. रस्त्यावरच्या व्यवसायाला मात्र हंगाम उरलेला नाही.

हे घडते कसे, ते पायरीपायरीने समजून घेतले पाहिजे, कारण पहिल्या पायरीवर कोणालाच काही वावगे वाटत नाही.

जावळी, पाटण आणि साताऱ्याचा पश्चिम भाग हा मुंबईला माणसे पुरवणारा मुलूख. भाऊच्या धक्क्यावर आणि मशीद बंदरच्या गोदामांत ज्यांनी पाठीवर पोती वाहिली, त्या माथाडी कामगारांत या डोंगरांतले तरुण फार मोठ्या संख्येने होते. कोयनेच्या धरणाने या खोऱ्यातली गावे पाण्याखाली घातली; मागे उरलेल्यांच्या वाट्याला उताराची, नाचणी-वरीची जमीन आली. कर्ता पुरुष मुंबईला, म्हातारा-म्हातारी घरी, आणि गणपतीला व गावच्या यात्रेला भरून जाणारे घर, ही येथली तीन पिढ्यांची रीत. अशा घराच्या सातबाऱ्यावर सात-आठ नावे असतात. त्यांतला एखादा नालासोपाऱ्याच्या दोन खोल्यांचे हप्ते फेडत असतो, एखाद्याच्या मुलीचे लग्न ठरलेले असते. अशा वेळी एक दलाल येतो आणि नाचणीच्या ज्या वावराला कधी कोणी विचारले नाही, त्याचा गुंठ्यावर भाव सांगतो. त्या भावात नालासोपाऱ्याचे कर्ज फिटते. विकणाऱ्याला येथून दोष देणे सोपे आहे. ज्याच्या घरात पगार दर महिन्याच्या एक तारखेला येतो, त्याने तो देऊ नये.

घेणारा शहरातला असतो. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्यास परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. परंतु आजोबांच्या नावची कोठली तरी वीस गुंठे जमीन शोधून काढली की ज्याने आयुष्यात नांगराला हात लावला नाही, तोही शेतकरी ठरतो. जमीन घेतल्यावर तो शेतघर बांधतो. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने शेतकऱ्याला आपल्या शेतात शेतीच्या सोयीसाठी घर बांधण्याची मुभा दिलेली आहे. अवजारे, बी-बियाणे, गुरे आणि राबणारी माणसे यांच्यासाठी ती मुभा आहे. येथे शेतघराला चार खोल्या होतात, प्रत्येक खोलीला न्हाणीघर होते, अंगणात तरणतलाव होतो आणि कुंपणावर दिव्यांच्या माळा चढतात. पहिल्या वर्षी मालकाचे मित्र येतात. दुसऱ्या वर्षी मित्रांचे मित्र येतात आणि ते पैसे देतात. तिसऱ्या वर्षी फाटकावर पाटी लागते. शेत, शेतघर, विश्रामगृह आणि मग लग्नाचे लॉन, हा प्रवास कागदावर उमटतच नाही. सातबाऱ्यावर पीक म्हणून नाचणीच लिहिलेली राहते.

येथे कायद्याची थोडी उजळणी आवश्यक आहे. १९६६ च्या संहितेने शेतीची जमीन अन्य कामासाठी वापरायची तर जिल्हाधिकाऱ्यांची अनुमती घेण्याचा दंडक घातला. लोक त्याला 'एन.ए. करणे' म्हणतात. विनापरवाना वापर बदलल्यास दंड आणि पूर्ववत करण्याचा आदेश, अशी तरतूद कलम ४५ मध्ये आली. ही अनुमती मिळवताना होणारी पायपीट आणि तिच्या अनुषंगाने होणारा व्यवहार सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यामुळे २०१४ पासून, आणि विशेषतः २०१७ च्या दुरुस्त्यांनी, मंजूर आराखड्यातील व गावठाणालगतच्या जमिनींना या दंडकातून मोठी मोकळीक मिळत गेली. पायपीट कमी झाली, याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र त्या पायपिटीत एक गोष्ट दडलेली होती : अर्ज झाला की तलाठी जागेवर येई, पंचनामा होई आणि शेजाऱ्याला निदान कानोकानी कळे. आता नियमनाचा सगळा भार प्रादेशिक आराखड्यावर आणि डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीवर आला आहे. त्या शेकडो पानांच्या नियमावलीत शेतीच्या पट्ट्यात काय चालते आणि काय चालत नाही, ते सारे आहे. ती वाडीतल्या किती जणांनी पाहिली असेल, हा प्रश्न विचारण्यासारखा नाही.

शेजाऱ्याची तक्रार काय असते? शहरात बसून वाटते की मत्सर असेल. त्याची जमीन विकली गेली नाही म्हणून पोटदुखी असेल. तसेही कोठे असेल. परंतु खऱ्या तक्रारी फार साध्या आणि मोजता येण्याजोग्या आहेत.

पहिली पाण्याची. जांभा दगड हा सच्छिद्र. पावसाचे पाणी तो पोटात घेतो आणि खालच्या काळ्या कातळावर आले की ते डोंगराच्या बगलेतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. या वाड्यांचे पाणी म्हणजे हे झरे आणि त्यांच्यावर बांधलेली टाकी. आता दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दीड मीटर खोल असा एक लहानसाच तरणतलाव घेऊ. त्यात पंचाहत्तर हजार लिटर पाणी मावते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन योजनेत खेड्यातल्या माणसासाठी दररोज पंचावन्न लिटरचा मापदंड धरला आहे. म्हणजे पाच माणसांच्या घराचे सुमारे नऊ महिन्यांचे पाणी त्या तलावाच्या एका भरतीत जाते. चैत्र-वैशाखात झऱ्याची धार करंगळीएवढी होते, तेव्हा वरच्या अंगाला विंधन विहीर चालू असेल तर खालच्या टाकीवर हंड्यांची रांग वाढणार, हे सांगायला भूगर्भशास्त्र्याची गरज नाही. शिवाय जो दगड पाणी पोटात घेतो, तो शौचखड्ड्यातून झिरपणारे सांडपाणीही घेतो. वरच्या अंगाला दहा खोल्यांचे शोषखड्डे असतील तर खालच्या झऱ्याचे पाणी मुलांना द्यावे की नाही, हा प्रश्न त्या घरातल्या आईला पडतो. आणि त्याचे उत्तर देणारी प्रयोगशाळा साताऱ्यात असते.

दुसरी तक्रार रस्त्याची. गावातून जाणाऱ्या रस्त्याला पूर्वी मोजकी तोंडे होती : एक पाणंद, एक देवळाची वाट, एक शाळेची. आता प्रत्येक फाटक थेट रस्त्यावर उघडते. शनिवारी संध्याकाळी वळणावरच गाड्या उभ्या राहतात. गुरे घेऊन परतणाऱ्या बाईने कोणत्या अंगाने जायचे? रस्त्याच्या मध्यापासून बांधकाम किती अंतरावर असावे, यासाठी इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा ठरलेल्या असतात. पण पावसाळ्यात धुके इतके दाट उतरते की त्या रेषा तर सोडाच, समोरची गाडीही दिसत नाही. अशा धुक्यात शहरातला तरुण घाटातल्या वळणावर गाडीचे गाणे मोठे करतो, आणि पायी चाललेल्या माणसाला हॉर्न ऐकू येईनासा होतो.

तिसरी तक्रार आवाजाची, आणि तीच शेजाऱ्याला सर्वांत आधी हतबल करते. डोंगरात आवाज पसरतो कसा, ते शहरात राहून कळत नाही. शहरात आवाजावर आवाजाचे पांघरूण असते. येथे रात्री दरीपलीकडचे कुत्रे भुंकले तरी ऐकू येते. अशा जागी लॉनवरच्या वरातीचा ध्वनिवर्धक म्हणजे साऱ्या खोऱ्याची झोप जाणे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक बंद केले. निवासी क्षेत्रात दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा घातली. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, तेही सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठी, शासनाला ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शांततेने जगण्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. आपला आवाज ज्याला ऐकायचा नाही त्याच्या कानावर तो लादण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे त्या निर्णयाचे सार.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ती कोणाला रुचो न रुचो. हा नियम लॉनवरच्या नाचगाण्याला आहे, तसाच देवळावरच्या भोंग्याला आणि यात्रेतल्या तमाशालाही आहे. ज्या गावाने आपल्या सप्ताहात दहाचे बंधन पाळले नाही, त्या गावाचा सरपंच विश्रामगृहाच्या फाटकावर गेला की मालक हसून सांगतो, 'तुमचा तर पहाटेपर्यंत चालला होता.' त्यावर सरपंचाजवळ उत्तर नसते. काही गावांनी आधी आपला भोंगा उतरवला आणि मग शेजाऱ्याकडे बोट दाखवले. त्यांचे ऐकले गेले.

तक्रार करायची म्हणजे गावात नाव उघडे पडते, ही भीतीही खरी आहे. विश्रामगृहात गावातलीच दोन मुले नोकरीला असतात. एकाची रिक्षा तेथल्या पाहुण्यांवर चालते. भाजी तेथे जाते, दूध तेथे जाते. तक्रार करणारी म्हातारी उद्या त्याच मुलांच्या आईबरोबर पाण्याला जाणार असते. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ध्वनिप्रदूषणाच्या प्रकरणी तक्रारदाराची ओळख पोलिसांनी उघड करू नये, असे पुन्हा बजावले ते यासाठीच. पण वाडीत नाव झाकून राहते का? ज्या घराच्या खिडकीवर आवाज आदळतो, ते घर एकच असते.

या रोजगाराची बाजूही हलकी लेखून चालणार नाही. ज्या मुलाला वीस वर्षांपूर्वी वाशीच्या बाजारात हमाली करावी लागली असती, तो आज स्वतःच्या अंगणात चार पाहुण्यांना पिठले-भाकरी वाढून संसार चालवतो, हे चित्र या डोंगराला हवेच आहे. राज्य शासनाचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण अशाच शेतकऱ्यासाठी आहे. स्वतःच्या घरातल्या दोन खोल्या, शेत हेच आकर्षण आणि यजमान स्वतः हजर. तेथे रात्री दहाला दिवे मालवले जातात, कारण यजमानाला पहाटे धार काढायची असते. व्यवसाय नको असे वाडी म्हणत नाही. व्यवसायाचा मालक रात्री तेथे झोपतो की नाही, एवढेच ती पाहते. जो तेथे झोपतो त्याला आवाज बोचतो, पाण्याची टंचाई कळते आणि उद्या सकाळी शेजाऱ्याचे तोंड पाहायचे असते. जो रविवारी संध्याकाळी हिशेब घेऊन पुण्याला परततो, त्याला यांतले काही नसते. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, तेव्हाच्या खेड्याचे दोष त्यांनी पोटात ठेवले नाहीत. पण त्या गाड्याला एक लगाम होता : चूक करणारा आणि तिचा त्रास सोसणारा एकाच पारावर बसत. तो पार आता उरला नाही.

महाबळेश्वर येथून दूर नाही. १८२८ मध्ये सर जॉन माल्कम यांच्या काळात तेथे गिरिस्थान उभे राहू लागले, आणि १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित करावा लागला. पावणेदोनशे वर्षांनी, आणि तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे २०१४ पासून पुन्हापुन्हा निघत राहिले. ३१ जुलै २०२४ चा मसुदा सहावा. दरम्यान २०१९ मध्ये सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतील २३५ गावांसाठी 'नवीन महाबळेश्वर' या नावाने राज्य रस्ते विकास महामंडळाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. म्हणजे एकीकडे जपण्याचा मसुदा आणि दुसरीकडे वसवण्याचा आराखडा. दोन्ही कागदांवर गावांची नावे असतात, पण वाडीच्या झऱ्याला नकाशावर खूण नसते.

मग वाडीने करायचे काय? सातबारा आणि फेरफार आता संगणकावर पाहता येतात. शेजारच्या गटाचा वापर काय लिहिला आहे, ते पाहण्यास कोणाची परवानगी लागत नाही. बांधकामाला मंजुरी आहे का, कोणत्या कामासाठी आहे आणि कोणत्या नकाशाप्रमाणे, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कात विचारता येते आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. शेतघर म्हणून मंजूर झालेली इमारत विश्रामगृह म्हणून चालत असेल, तर तो वापरातला बदल आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली त्यावर नोटीस निघू शकते. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतींना ठरावीक मुदत असते. त्या मुदतीत झरे, गुरांच्या वाटा, देवराई आणि शाळेची वाट यांची खूण करून गट क्रमांकांसह हरकत गेली, तर नियोजनकाराला सुनावणीत तिचा विचार करावाच लागतो. 'आमच्या गावावर अन्याय होत आहे' एवढ्याच मजकुराची हरकत फाइलीला लागते आणि तेथेच राहते. ग्रामसभेत झऱ्यांची यादी करून ती इतिवृत्तात उतरवणे हे एका बैठकीचे काम आहे. यांतल्या कशालाही वकील लागत नाही.

राहिली गोष्ट या सभागृहाची. लॉन भाड्याने घेणारा, तरणतलावात उतरणारा आणि शनिवारी दुपारी पुण्याहून निघणारा कोण असतो? तो कोणी परका धनदांडगा नसतो. तो बँकेत नोकरीला असतो, संगणकाच्या कंपनीत असतो. मुलांना निसर्ग दाखवावा, अशी त्याची सदिच्छा असते. अशा सभांना तो येतो आणि पश्चिम घाट वाचला पाहिजे, या वाक्यावर टाळ्याही वाजवतो. आरक्षण करताना तो खोलीचे छायाचित्र पाहतो, न्याहारीत काय मिळेल ते विचारतो. पाणी कोठून येते, मालक तेथे राहतो का आणि रात्री दहानंतर संगीत बंद असते का, हे तीन प्रश्न दूरध्वनीवर विचारायला दोन मिनिटेही लागत नाहीत. ते विचारणारी गिऱ्हाइके आठवड्याला चार-पाच जरी निघाली, तरी फाटकाआडच्या माणसाला त्यांची उत्तरे तयार ठेवावी लागतील.

यंदा श्रावण संपता संपता कासला जाणाऱ्यांनी यवतेश्वरच्या पुढे एखाद्या वाडीत गाडी थांबवून चहा घ्यावा. चहा ज्या पाण्याचा होतो ते कोठल्या झऱ्याचे, हे घरातली बाई विचारल्यावर सांगते. वैशाखात तो झरा कधी आटू लागला, तेही तिला वर्षासकट माहीत असते.